नर कुत्र्याची नसबंदी : करावी की थांबावं?

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

घरात आणलेलं नर पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं, की एक प्रश्न हमखास उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. लस टोचायला नेलं असताना डॉक्टर सहज विचारतात, ‘याची नसबंदी करून घ्यायची का?’ तेवढ्या एका वाक्यानं घरात तट पडतात. एक जण म्हणतो, करून टाका, कुत्रा शांत होईल, जास्त जगेल. दुसरा म्हणतो, मुक्या जनावराला उगीच कशाला कापायचं? तिसरा कुठून तरी ऐकून आलेला असतो, की नसबंदीनं कॅन्सर होतो. चौथ्यानं ऐकलेलं असतं, की नसबंदीनं कॅन्सर टळतो. गंमत म्हणजे, या तिसऱ्या-चौथ्यापैकी कुणीही खोटं बोलत नसतो.

मी जनावरांचा डॉक्टर नाही. कविता लिहिणारा, बी. ए.पर्यंत शिकलेला माणूस. पण कुत्र्यांच्या सहवासात बरीच वर्षं गेली, आणि त्यांच्या वतीनं निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातून जे हाती लागलं, ते आपल्यापुढे मांडतो. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मादीचा हिशेब वेगळा आहे. तिच्या बाबतीत गर्भपिशवीत पू होण्याचा जीवघेणा आजार आणि स्तनांच्या गाठी यांमुळे पारडं वेगळ्या वजनांनी तोललं जातं. मादीचा नियम नराला लावला, की घोटाळा होतो. म्हणून आज फक्त नराबद्दल.

आधी शब्दाकडे पाहू. ‘खच्ची’ हा आपला नेहमीचा शब्द मूळचा अरबी. तिथला ‘खसी’ फारसी-उर्दूच्या वाटेनं इकडे आला आणि शेतकऱ्याच्या गोठ्यात असा रुळला, की परका वाटेनासा झाला. पुढं तो गोठ्यातून निघून थेट राजकारणात गेला. ‘विरोधकांचं खच्चीकरण’, ‘कार्यकर्त्यांचं खच्चीकरण’ अशा मथळ्यांशिवाय निवडणुका पार पडत नाहीत. म्हणजे आपल्या भाषेत या शब्दाला अपमानाचा, हतबलतेचा वास आहे. कुत्र्याचा विषय निघाला, की घरातले पुरुष आधी खाली मान घालतात नि मग ठामपणे ‘नको’ म्हणतात, त्यामागे पुष्कळदा कुत्र्याची नव्हे, स्वतःचीच काळजी असते! हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत १९९५ साली एका गृहस्थानं नसबंदी झालेल्या कुत्र्यांसाठी कृत्रिम वृषण बाजारात आणले. ‘न्यूटिकल्स’ त्यांचं नाव. २००५ साली त्याला या शोधाबद्दल ‘इग नोबेल’ हे थट्टेचं पारितोषिकही मिळालं. कुत्र्याला त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही, मालकाला मात्र समाधान. तेव्हा ही लाज पहिल्यांदा बाजूला ठेवू या. कुत्र्याला ती नसते.

‘नसबंदी’ हा शब्दही इथं तसा चुकीचाच आहे. माणसाच्या नसबंदीत बीजवाहक नळी तेवढी कापून बांधतात. वृषण जागेवर राहतात आणि त्यांतून स्रवणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पूर्ववत चालू राहतं. कुत्र्याच्या बाबतीत बहुतेक वेळा दोन्ही वृषणच काढून टाकतात. शस्त्रक्रिया छोटी, पूर्ण भूल देऊन केलेली. कुत्रा बहुधा त्याच दिवशी घरी येतो. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात ते नरसाळ्यासारखं कडं घालून आठ-दहा दिवस सांभाळावं लागतं. भुलेचा धोका किती? ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांमध्ये भुलेमुळे मृत्यूचं प्रमाण साधारण दोन हजारांत एक असं आढळलं होतं. शून्य नाही, पण थोडं. तेव्हा खरा प्रश्न त्या अर्ध्या तासाचा नाही. त्यानंतरची दहा-बारा वर्षं हे शरीर टेस्टोस्टेरॉनवाचून चालणार आहे, त्याचा आहे.

आता फायद्याची बाजू. वृषणच नसले तर वृषणाची गाठ होणार नाही, हे उघड आहे. न कापलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये अशा गाठी बऱ्याच आढळतात. मात्र यातल्या बहुतेक गाठी शरीरात इतरत्र पसरत नाहीत, आणि दिसल्यावर वृषण काढले की प्रश्न बहुधा मिटतो. म्हणजे हा फायदा खरा, पण ‘आजच करा, नाहीतर जीव जाईल’ असा नव्हे. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. काही पिल्लांचा एक किंवा दोन्ही वृषण खाली पिशवीत उतरतच नाहीत, पोटात किंवा जांघेत अडकून राहतात. अशा अडकलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका दहापटीहून अधिक असतो, आणि आत असल्यामुळे ती वेळेवर दिसतही नाही. तिथं वाद घालत बसू नये, काढून घ्यावा. हा दोष आनुवंशिक असल्यानं अशा नरापासून पिल्लंही घेऊ नयेत.

दुसरा फायदा प्रोस्टेटचा. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते, टेस्टोस्टेरॉनवर पोसली जाते आणि वयाबरोबर फुगते. पाच-सहा वर्षांपुढच्या न कापलेल्या कुत्र्यांपैकी बहुसंख्य कुत्र्यांत ही वाढ कमीअधिक प्रमाणात असतेच. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. ज्यांना होतो, त्यांना शौचाला कुंथावं लागतं, लघवीतून रक्त येतं, कधी ग्रंथीत पूही होतो. गुदद्वाराभोवती होणाऱ्या साध्या गाठी आणि म्हातारपणी त्याच भागात उतरणारा हर्निया हेही मुख्यतः न कापलेल्या नरांचे आजार. पण इथं एक बारकावा लक्षात घ्या. प्रोस्टेटची ही साधी सूज, किंवा त्या साध्या गाठी, झाल्यावर जरी वृषण काढले तरी त्या ओसरू लागतात. प्रोस्टेट तर काही आठवड्यांतच आकसतं. म्हणजे या आजारांसाठी नसबंदी हा प्रतिबंधही आहे आणि उपचारही. उपचार हाताशी असेल, तर प्रतिबंधाची घाई करायची का, हे ठरवायला थोडी मोकळीक मिळते. शर्त एवढीच, की कुत्र्यावर आपलं लक्ष हवं.

तिसरा फायदा वागण्यातला, आणि इथं गैरसमज सर्वांत जास्त. ‘कापला की शांत होतो’ असं सरसकट म्हटलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक संशोधकांनी १९९७ साली ५७ मोठ्या वयाच्या नरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरात जागोजागी लघवीच्या खुणा करणं, चढण्याचा प्रयत्न करणं आणि घर सोडून भटकणं या तीन सवयी निम्म्याहून अधिक कुत्र्यांमध्ये ठळकपणे कमी झाल्या. माणसांवर धावून जाण्याची खोड मात्र फार थोड्यांची सुटली. कारण साधं आहे. मादीच्या वासामागे धावणारा कुत्रा टेस्टोस्टेरॉनमुळे धावतो. पाहुण्यावर भुंकून अंगावर येणारा कुत्रा पुष्कळदा भीतीमुळे येतो. भीतीची गाठ वृषणात नसते. उलट, मुळात भित्रा असलेल्या नराचं हे संप्रेरक काढून घेतलं, तर भित्रेपणा वाढू शकतो, असं अलीकडचे काही अभ्यास सुचवतात. अशा कुत्र्याला शस्त्रापेक्षा शिकवण आणि धीर यांची गरज असते.

आता दुसरं पारडं. इथं मला आपल्या शेतकऱ्याची आठवण होते. गोऱ्हा खच्ची करायचा तो कधी, याचं एक शहाणपण गावोगावी होतं. अंगानं भरल्याशिवाय, मान-वशिंड तयार झाल्याशिवाय, दाताला आल्याशिवाय कामाच्या गोऱ्ह्याला हात लावायचा नाही. लवकर बडवला, तर तो नुसताच उंच, लांब पायांचा होतो, बांधा भरत नाही. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनंही लिहून ठेवलं आहे, की कोवळ्या वयात खच्ची केलेले प्राणी इतरांपेक्षा आकारानं मोठे होतात. राजवाड्यांतल्या ख्वाजासरांचे आणि इटलीतल्या खच्ची गायकांचे लांबलचक हातपायही याच कारणानं लोकांच्या नजरेत भरत.

याचं कारण आज आपल्याला कळतं. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पट्टा असतो. हाड तिथं वाढतं. वयात येताना लैंगिक संप्रेरकांचा इशारा मिळतो, पट्टा हाडात रूपांतरित होतो आणि वाढ थांबते. वृषण आधीच काढले, तर हा इशारा उशिरा मिळतो. हाडं ठरल्यापेक्षा थोडी जास्त काळ, थोडी जास्त लांब वाढतात. बरं, सगळी हाडं एकाच वेळी थांबत नाहीत. त्यामुळे सांध्यांची जुळणी बिघडू शकते. छोट्या कुत्र्याला ते खपून जातं. तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्याच्या खुब्याला आणि गुडघ्याला ते जन्मभर पुरतं.

हे नुसतं तर्कानं म्हटलेलं नाही. डेव्हिसच्याच संशोधकांनी २०१३ साली ७५९ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी सुमारे १० टक्क्यांना खुब्याचा सांधा सैल बसण्याचा विकार, म्हणजे हिप डिस्प्लेजिया झालेला होता. न कापलेल्या नरांच्या हे दुप्पट. गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचा प्रकार न कापलेल्या नरांत एकही नव्हता, लवकर कापलेल्यांत ५ टक्के होता. पुढच्याच वर्षी लॅब्रॅडॉरची तुलना आली. सहा महिन्यांच्या आत कापलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये सांध्यांचे विकार साधारण दुप्पट, तर गोल्डनमध्ये चार-पाचपट. दिसायला भाऊ-भाऊ, पण धोका वेगवेगळा. २०१६ साली जर्मन शेफर्डचे आकडे आले. वर्षाच्या आत कापलेल्या नरांत २१ टक्के, न कापलेल्यांत ७ टक्के. मग २०२० साली त्यांनी एकदम ३५ जातींचा हिशेब मांडला. शिट्झू, पग, चिवावा यांसारख्या छोट्या जातींत सांध्यांच्या दृष्टीनं लवकर-उशिराचा फरक जवळजवळ दिसला नाही. संकरित कुत्र्यांच्या वेगळ्या अभ्यासात २० किलो वजनाच्या आसपास एक रेघ दिसली. मोठेपणी त्याहून जड होणाऱ्या कुत्र्याला लवकर कापलं, तर सांध्यांचा धोका वाढतो. त्याखाली फारसा वाढत नाही.

मग कॅन्सरचं काय? इथं आकड्यांशी जरा सावधपणे बोलावं लागतं. प्रोस्टेटची साधी सूज नसबंदीनं टळते, हे आपण पाहिलं. पण प्रोस्टेटचा कॅन्सर नसबंदी झालेल्या कुत्र्यांत जास्त आढळतो. एका पाहणीत तो जवळजवळ तिप्पट निघाला. ‘तिप्पट’ ऐकून काळजाचा ठोका चुकतो. मात्र कशाच्या तिप्पट, हे विचारायला हवं. कुत्र्यांमध्ये हा कॅन्सर मुळात दुर्मीळ आहे, शंभरातल्या एकालाही होत नाही. दुर्मीळ गोष्टीची तिप्पटही दुर्मीळच राहते. या एका भीतीपोटी कुणी निर्णय घेऊ नये.

याउलट रॉटवायलरची गोष्ट. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६८३ रॉटवायलर कुत्र्यांचा मागोवा होता. वयाच्या पहिल्या वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांपैकी, नर असो वा मादी, साधारण चारांतल्या एकाला आयुष्यात हाडाचा कॅन्सर झाला. हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. गोल्डन रिट्रीव्हरमध्येही लवकर कापलेल्या नरांपैकी जवळजवळ १० टक्क्यांना लिम्फोमा हा रक्तपेशींचा कॅन्सर झाला. न कापलेल्यांच्या सुमारे तिप्पट. म्हणजे एकच ‘तिप्पट’ एका ठिकाणी क्षुल्लक, दुसऱ्या ठिकाणी गंभीर. मूळ आकडा कळल्याशिवाय पट सांगणारा माणूस, मग तो बाजूचा असो वा विरोधातला, अर्धंच सांगत असतो.

आणखी एक तोटा आपल्या स्वयंपाकघरातला आहे. नसबंदीनंतर शरीराची उष्मांकांची गरज साधारण पाव हिश्शानं उतरते, भूक मात्र कमी होत नाही, उलट वाढते. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा आयुष्यभर मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्याच्या २०१९ सालच्या निष्कर्षांत नसबंदी झालेले कुत्रे लठ्ठ होण्याची शक्यता दीडपट ते दुप्पट दिसली. आपल्याकडे तर चपातीचा तुकडा, चहात बुडवलेलं बिस्किट, साय, पाहुण्यांच्या ताटातली उष्टी हाडं असा दिवसभर राबता असतो. सांधे आधीच नाजूक आणि वर दहा किलोचं जादा ओझं, मग डॉक्टरांनी काय करावं? नसबंदी करून आणलेल्या कुत्र्याचं ताट त्याच आठवड्यापासून मोजायला लागावं.

‘नसबंदी झालेले कुत्रे जास्त जगतात’ हे वाक्य मात्र पुराव्याचं आहे. २०१३ साली अमेरिकेत पशुरुग्णालयांतल्या ४० हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. नसबंदी झालेले नर सरासरी सुमारे १४ टक्के जास्त जगले होते. संसर्गानं आणि अपघातानं होणारे मृत्यू त्यांच्यात कमी होते, कॅन्सरनं होणारे जास्त. आता हे नीट पाहिलं, तर उत्तर त्यातच आहे. जो भटकत नाही, भांडत नाही, तो गाडीखाली येत नाही आणि चाव्याच्या जखमेनं मरत नाही. तो म्हातारा होतो, आणि म्हातारपणी कॅन्सर गाठतो. शिवाय जो मालक पैसे खर्चून नसबंदी करतो, तो लसही टोचतो, आजारपणात धावपळही करतो. त्या १४ टक्क्यांमध्ये शस्त्राचा वाटा किती आणि मालकाच्या मायेचा किती, हे वेगळं काढता येत नाही. एवढं मात्र म्हणता येतं, की भटकण्याचा धोका जितका मोठा, तितका नसबंदीचा फायदा मोठा.

इथून आपण घरातल्या गादीवरून रस्त्यावर येतो. आमच्या दारात मोत्या नावाचा देशी कुत्रा आहे. पाळलेला म्हणावा तर पट्टा नाही, भटका म्हणावा तर रात्री जेवायला हजर. भादवा लागला, की गल्लीत काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. एका मादीमागे आठ-दहा नर, रात्रभर भुंकणं, फाटलेले कान, लंगडणारे पाय. मोत्याबरोबरच वाढलेला एक काळा कुत्रा होता. त्याच्या लिंगातून रक्त ठिबकू लागलं. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, हा संसर्गजन्य ट्यूमर आहे.

हा आजार विलक्षण आहे. यात जंतू पसरत नाहीत, खुद्द कॅन्सरच्या पेशीच समागमातून एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात. संशोधकांनी या पेशींचा वंश शोधला, तेव्हा तो काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापर्यंत पोचला. तो कुत्रा कधीच मातीत मिसळला, त्याचा कॅन्सर मात्र आजही जगभरच्या गल्ल्यांतून हिंडतो आहे. भारतातल्या मोकाट कुत्र्यांत तो नेहमी आढळतो. सुदैवानं व्हिन्क्रिस्टीन या औषधाच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. पण रस्त्यावरच्या कुत्र्याला दर आठवड्याला पकडायचं कसं? त्या काळ्याला आम्ही तीन आठवडे कसंबसं नेलं. चौथ्या आठवड्यात तो सापडला नाही, नंतर दिसलाही नाही.

त्याच हिवाळ्यात मोत्याची नसबंदी झाली. तेव्हा तो वर्षभराचा असेल, वजन सतरा-अठरा किलो. हाडांचा धोका थोडा, रस्त्याचा धोका मोठा; हिशेब करायला कागद-पेन्सिल लागली नाही. आता भादव्यात तो ओट्यावर झोपून असतो. घरात मात्र धाकट्या मुलानं आणलेला लॅब्रॅडॉर आहे, बादशाह. त्याच्या बाबतीत आम्ही थांबलो. तो साखळीशिवाय बाहेर जात नाही, कुणाशी भांडत नाही, दोन्ही वृषण जागेवर आहेत. आज तो सहा वर्षांचा आहे, न कापलेला. दर वर्षी डॉक्टर वृषण हातानं तपासतात, प्रोस्टेट पाहतात. उद्या त्रास दिसला, तर नसबंदी करू. एकाच घरातले दोन नर, दोन उत्तरं. आणि डॉक्टरांना दोन्ही मान्य आहेत.

रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल आणखी दोन गोष्टी. गल्लीतली संख्या कमी व्हावी म्हणून नुसते नर कापून भागत नाही. दहांतले नऊ नर कापले, तरी उरलेला एक साऱ्या माद्यांना पुरतो. जयपूरमध्ये १९९४ पासून एका संस्थेनं भर माद्यांवर ठेवून नसबंदी आणि लसीकरण चालवलं. आठ वर्षांत तिथल्या कुत्र्यांची संख्या सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याची नोंद झाली. नराची नसबंदी ही मुख्यतः त्या नराच्या भल्यासाठी, भांडणं आणि हा ट्यूमर कमी होण्यासाठी. दुसरं म्हणजे, नसबंदी झाली म्हणून रेबीज टळत नाही. त्याला लसच हवी. आपल्याकडच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस यांची जोडी घातलेली आहे. गल्लीतल्या कुत्र्याचा कान छाटलेला दिसला, तर त्याची नसबंदी झालेली आहे असं समजावं. पण त्याची लस पुढच्या वर्षी पुन्हा द्यावी लागते, हे विसरू नये.

धर्माचा प्रश्नही लोक विचारतात. माझ्या समाजातले काही जण म्हणतात, अल्लाहनं घडवलेल्या देहात आपण ढवळाढवळ का करावी? या विषयावर मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण भारतातले बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी परंपरेला मानतात, तिनं प्राण्याच्या खच्चीकरणाला, त्यात काही हित असेल तर, मोकळीक दिली आहे. कुर्बानीला खस्सी बोकड चालतो, हे तर घरोघरी ठाऊक आहे. शब्द महत्त्वाचा आहे तो ‘हित’. माझे वारकरी स्नेही नामदेवांची गोष्ट सांगतात, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची. आमच्याकडे तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याची हदीस सांगतात. दोन्ही गोष्टींत कुत्र्याला काय हवं आहे, हे आधी पाहिलेलं आहे.

देशोदेशीच्या रीतीही पाहण्यासारख्या आहेत. अमेरिकेत बहुतेक पाळीव कुत्र्यांची नसबंदी होते, तीही वर्षानुवर्षं सहाव्या महिन्याच्या सुमाराला होत आली. नॉर्वेत मात्र सबळ कारणाशिवाय निरोगी कुत्र्यावर अशी शस्त्रक्रिया करण्याला कायद्याची आडकाठी आहे, आणि तिथले बहुतेक कुत्रे न कापलेले असतात. तिथं रस्त्यावर मोकाट कुत्रे नसतात, मालक साखळी सोडत नाहीत, म्हणून ते जमतं. युरोप-ऑस्ट्रेलियात आणखी एक मधला मार्ग वापरतात. कातडीखाली औषधाची एक बारीक कांडी सोडतात, तिनं सहा महिने किंवा वर्षभर टेस्टोस्टेरॉन थांबतं आणि पुढं ते पूर्ववत होतं. कुत्रा कापल्यावर कसा वागेल, याची जणू ती रंगीत तालीमच.

मग करावं काय? जे वाचलं-ऐकलं त्याचं सार असं. कुत्रा छोट्या जातीचा असेल, मोठेपणी २० किलोच्या आत राहणार असेल, तर सहा महिन्यांनंतर केव्हाही नसबंदी करायला सांध्यांच्या दृष्टीनं मोठी हरकत नाही. लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर असा दांडगा गडी असेल, तर वाढ पूर्ण होऊ द्या. अमेरिकेतल्या पशुरुग्णालयांच्या संघटनेनं २०१९ साली अशा कुत्र्यांसाठी ९ ते १५ महिन्यांची मर्यादा सांगितली. डेव्हिसचे संशोधक जर्मन शेफर्डसाठी दोन वर्षांपर्यंत थांबायला सांगतात. वृषण उतरला नसेल, तर काढा. कुत्रा मोकाट फिरत असेल, कुंपण ओलांडत असेल, तर फार थांबू नका. भित्रा असेल, तर आधी भीतीवर काम करा. न कापता ठेवणार असाल, तर त्याला माद्यांपासून दूर ठेवणं आणि दर वर्षी तपासणी करणं ही तुमची जबाबदारी. आणि कापलात, तर ताट मोजणं ही तुमची जबाबदारी. बिनजबाबदारीची वाट दोन्हीकडे नाही.

शस्त्रक्रियेआधी दवाखान्यात एक संमतिपत्र पुढं येतं. त्यावर सही आपली असते, देह त्याचा. सही करण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. हा मोठेपणी किती किलोचा होईल? याची जात कोणती आणि तिच्यात कोणते आजार अधिक? हा कुठं नि कसा राहणार आहे? आणि आज केलं काय किंवा वर्षभरानं केलं काय, याला कोणता फरक पडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, खुर्ची ओढून बसतो आणि कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत सांगायला लागतो.